बाहेरचा नाष्टा फसू नये म्हणून: हॉटेलवाल्याच्या लेकीची पद्धत

सव्वाअकराला मिसळ मागवली, ही चूक माझी. हे आधीच कबूल करते, कारण पुढे हॉटेलवाल्याला बरंच बोलणार आहे.

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. महिनाभर बेताचं खाऊन त्या वैतागल्या होत्या. रविवारी सकाळी म्हणाल्या, "आज गॅस पेटवू नकोस, बाहेर जाऊन काहीतरी झणझणीत खाऊ." घरापासून दहा मिनिटांवर एक उपाहारगृह आहे, वर्षभरात बरंच नावारूपाला आलेलं. बाहेर वीस-पंचवीस माणसं ताटकळत उभी. "एवढी गर्दी आहे म्हणजे चांगलंच असणार," हा आमच्या ह्यांचा हिशेब. पाऊण तासाने टेबल मिळालं. दोन मिसळ, एक पोहे, एक प्लेट साबुदाणा वडा आणि तीन चहा सांगितले.

कट कोमट होता. वरचा तवंग लालभडक, पण नाक जवळ नेलं तरी मिरचीचा वास नाही. मटकी दाताखाली पिठासारखी. फरसाण आधीच वाडग्यात घालून ठेवलेलं, त्यामुळे शेवेचा लगदा झालेला. पाव बोटाने दाबला तर खड्डा तसाच राहिला, म्हणजे कालचा. पोहे कडेला कोरडे आणि मध्ये गोळा. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, चमचा बशीत ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी हे गिऱ्हाइकापुढे ठेवलं असतं का गं?"

नसतं ठेवलं. कराडला एसटी स्टँडसमोर अण्णांचं छोटं हॉटेल होतं, सव्वीस वर्षं चाललं. शाळा सुटली की मी गल्ल्यावर बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी मटकीतले खडे निवडायचे. नाष्टा कुठे फसतो हे मला भटारखान्याच्या बाजूने माहीत आहे. तरी त्या रविवारी मी गर्दीला भुलले. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

गर्दी कुठली, ते बघा

रविवारी दहा वाजताची गर्दी काहीच सांगत नाही. ती सुट्टीची गर्दी असते. एकाच्या मागे दुसरा उभा राहतो. खरी गर्दी म्हणजे मंगळवारी सव्वाआठची. रिक्षावाले, शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर, पेपरवाले, बँकेत जाणारे कारकून. ही माणसं रोज स्वतःच्या खिशातून खातात. एक दिवस पोट बिघडलं तर त्यांची रोजी बुडते, म्हणून फसवणाऱ्या ठिकाणी ती दुसऱ्यांदा जात नाहीत.

त्याहून पक्की खूण म्हणजे उठलेल्या टेबलावरच्या बशा. पोऱ्या बशा उचलून नेत असतो तेव्हा त्यात काय उरलंय ते बघा. पाव संपलेत आणि रस्सा तसाच आहे? मग रस्सा मागवू नका. रस्सा चाटूनपुसून संपवलाय आणि पाव उरलेत? तिथे बसा. त्या रविवारी माझ्या डोळ्यांसमोरून निदान दहा वाडगी अर्धी भरलेली आत गेली असतील. मी मोबाईलमध्ये होते.

मेनूकार्डाची लांबीही बघा. अण्णांच्या हॉटेलात काळ्या फळ्यावर सात पदार्थ असायचे, खडूने लिहिलेले. संपला पदार्थ की ओल्या फडक्याने नाव पुसायचं, हे माझं काम. आता नाष्ट्याच्या हॉटेलातही पोह्यांपासून पनीर चिलीपर्यंत साठ-साठ नावं असतात. साठ पदार्थ एका आचाऱ्याला रोज ताजे करता येत नाहीत. त्यातले पन्नास फ्रीजमधून येतात.

आणि मालक काय खातो? अण्णांकडे प्रत्येक पातेल्यातली पहिली वाटी गल्ल्यावर यायची. आचाऱ्याला ते आवडायचं नाही, पण रिवाजच होता. मालकाचा नाष्टा घरून डब्यात येत असेल, तर मी सरळ उठते. आमचे हे याला माझा वहिमीपणा म्हणतात. म्हणू देत.

घड्याळ बघून मागवा

नाष्टा बहुतेक वेळा आचाऱ्याच्या हातामुळे बिघडत नाही, तो वेळेमुळे बिघडतो. प्रत्येक पदार्थाचा एक तास असतो. त्या तासात साधा आचारीही बरं खायला घालतो, आणि तो टळला की चांगल्या आचाऱ्याचाही इलाज चालत नाही.

पोहे सकाळी लवकर खावेत, नवाच्या आत. भिजवलेले पोहे फोडणीतून उतरले की पंधरा-वीस मिनिटं मऊ राहतात, मग कडेने सुकायला लागतात. हॉटेलात त्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतात आणि पुन्हा वाफ काढतात. एकदा केलं तर चालून जातं. तिसऱ्यांदा केलं की गोळा होतो, आमच्या बशीत होता तसा. म्हणून "पोहे आहेत का?" असं विचारू नका, "नवीन पातेलं कधी उतरणार?" असं विचारा. विचारणारा जाणकार आहे हे पोऱ्याला लगेच कळतं. बहुतेक वेळा तो खरं सांगतो. जुना माल खपवायचा जिम्मा त्याचा नसतो, मालकाचा असतो. उपम्याचं गणित पोह्यांसारखंच, उलट त्याहून लवकर घट्ट होतो.

वडा आणि भजी घड्याळावर नाही, कानावर मागवा. कढईत नवा घाणा पडल्याचा आवाज आला की हात वर करायचा. काचेच्या कपाटात रचून ठेवलेले वडे कितीही गोंडस दिसले तरी नको. साबुदाणा वड्याची तऱ्हाच वेगळी. एकादशीला, संकष्टीला हॉटेलवाला साबुदाणा मोजून भिजवतो आणि दोन तासांत संपवतो. त्या दिवशी कुठल्याही बऱ्या हॉटेलात वडा चांगलाच मिळेल. एरवी वडे अर्धे तळून ठेवतात आणि मागणी आली की दुसऱ्यांदा तेलात सोडतात. बाहेरून काळपट, आतून गार. आमचा रविवार ना एकादशीचा होता, ना संकष्टीचा. मला कळायला हवं होतं.

अकरा वाजून गेलेत आणि भूक आवरत नाही? मग जे तुमच्या नावाने तव्यावर पडतं तेच मागवा. थालीपीठ, आंबोळी, डोसा, ऑम्लेट-पाव. याची आधी करून ठेवायची सोय नसते. त्या रविवारी आम्ही तीन थालीपिठं सांगितली असती, तर हा लेख झालाच नसता.

मिसळ: ती रविवारीच का फसते

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त हिरमोड हिच्यामुळेच होतो.

मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीवर चढवायची. म्हणजे रविवारच्या मिसळीची मटकी शुक्रवारी रात्री पाण्यात पडायला हवी. रविवारी किती गिऱ्हाईक येईल, याचा अंदाज मालकाला शुक्रवारी करावा लागतो. अण्णा त्यासाठी लग्नाच्या तिथी आणि आठवडी बाजाराचा दिवस बघायचे. अंदाज चुकला की साडेदहाला मोड आलेली मटकी संपते आणि बाहेर तर माणसं उभी असतात. मग भटारखान्यात दोनच गोष्टी होतात. एक तर नुसती भिजवलेली मटकी सोडा टाकून झटपट शिजवतात, नाहीतर उसळीत बटाटा आणि वाटाणा वाढवतात. सोड्याने मटकीचं साल सुटतं आणि दाणा पिठूळ होतो. दाताखाली मला जे लागलं ते हेच.

सोडा जास्त झाला की नाही हे मिसळीत डोळ्यांना दिसत नाही, रस्साच लाल असतो. भज्यात मात्र दिसतं. कांदाभजी मोडून बघा. आत लालसर ठिपके दिसले तर पिठात सोडा मुबलक आहे, कारण हळद सोड्यात लाल पडते. त्यावर लिंबाचा थेंब टाका, ठिपका पुन्हा पिवळा होईल. लहानपणी मी हा खेळ गिऱ्हाइकांसमोर करून दाखवला होता आणि अण्णांचा धपाटा खाल्ला होता.

कटाचंही असंच. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून मसाला तेलात मंद आचेवर परतावा लागतो आणि रस्सा उकळून थोडा वेळ निवांत बसू द्यावा लागतो. मग तर्री आपोआप वर येते. पहाटे केलेला कट साडेआठ-नऊला रंगात आलेला असतो. माझ्या मते मिसळ खायची वेळ साडेआठ ते दहा. दहानंतर कट वाढवायला सुरुवात होते, म्हणजे त्यात कढत पाणी ओततात. ओळखायचं कसं? चमचा रश्श्यात बुडवून उलटा धरा. चांगला कट चमच्याच्या पाठीला चिकटून राहतो. वाढवलेला पाण्यासारखा ओघळतो आणि तेलाचे सुटे डोळे मागे ठेवतो.

फरसाण नेहमी वेगळं मागा. "फरसाण बाजूला दे" एवढंच म्हणायचं. याचे दोन फायदे. शेव कुरकुरीत राहते आणि तेल खवट आहे का ते आधी कळतं. नुसती शेव तोंडात टाका. घशाशी खवखवलं तर त्या हॉटेलातलं तळणीचं काहीच मागवू नका.

एक गोष्ट हॉटेलवाल्याच्या बाजूनेही सांगते. कित्येकदा मिसळ चांगली असते आणि अपेक्षा भलत्या गावची असते. पुण्यात जुन्या ठिकाणी मिसळीत पोहे घालतात, रस्सा जरा गोडूस असतो, सोबत स्लाइस ब्रेड येतो आणि वरून घ्यायच्या रश्श्याला सॅम्पल म्हणतात. कोल्हापूरकराला हे खाऊन वाटतं की कुणीतरी आपली थट्टा केली. नाशिककडे काळ्या मसाल्याची चव, बरोबर पापड आणि दही. नागपूरचा माणूस तर्री म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे हरभऱ्याचा रस्सा घातलेले पोहे असतात. मी कराडची, पुण्यात दिलेली. पहिली दोन वर्षं इथल्या मिसळीला नावं ठेवण्यात घालवली. म्हणून बसायच्या आधी विचारून घ्या, "मिसळ कुठल्या पद्धतीची?"

तोंड कधी उघडायचं

दुसऱ्या घासाला. याच्या आधी नाही आणि याच्या नंतर तर मुळीच नाही. बशी रिकामी करून तक्रार केली की मालकाच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते मी गल्ल्यावर बसून शेकडो वेळा पाहिलंय.

आमचे हे म्हणत होते, "जाऊ दे, कशाला." मी पोऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, सगळे हेच खातायत." हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर वाद घालायचा नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे रे बाळा. हा कट उकळून आण, फरसाण वेगळं आण. आणि वडा परत ने, आम्ही हात लावलेला नाही." काय बिघडलंय ते थोडक्यात आणि काय हवंय ते नेमकं. "काहीच चव नाही" म्हटलं तर त्याला काय करायचं ते कळत नाही. "गार आहे" म्हटलं तर गरम करता येतं.

वड्याला खरंच हात लावला नव्हता. परत पाठवायचा पदार्थ अख्खा असावा, हा साधा न्याय आहे. अर्धा खाल्लेला पदार्थ परत पाठवून पैसे कापा म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत.

कट उकळून आला, पण पाणी वाढवून. चमच्याच्या पाठीवरून घसरला. मग मी उठून गल्ल्यावर गेले. मालकाशी बोलायचं ते गल्ल्याच्या बाजूला उभं राहून, हळू आवाजात. चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला की मालकाला अब्रू वाचवावी लागते आणि मग तो चूक कबूल करत नाही. मी विचारलं, "मोडाची मटकी किती वाजता संपली?" तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "साडेदहाला, ताई." "मग फळ्यावरचं नाव पुसायचं होतं." तो म्हणाला, "बाहेर लाइन आहे, कसं पुसणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांना तो प्रश्न कधी पडला नाही, पण आमच्या दारात लाइनही कधी लागली नाही.

बिल वाचा

वडा वजा करून हिशेब असा होता: मिसळ ११० प्रमाणे दोनशेवीस, पोहे चाळीस, चहा वीस प्रमाणे साठ. तीनशेवीस. त्याखाली पेनने लिहिलं होतं, "जीएसटी १६". चिठ्ठी कोऱ्या वहीतून फाडलेली, कुठला नंबरच नाही.

साध्या हॉटेलात खाण्यावर जीएसटी ५ टक्केच आहे, २.५ केंद्राचा आणि २.५ राज्याचा, तेव्हा सोळा रुपयांची आकडेमोड बरोबर होती. पण कर लावायचा तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. बरीच लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. मी फक्त एवढंच विचारलं, "नंबर कुठला टाकलाय?" मालकाने पेन उचलून सोळावर रेघ मारली. रुपयांचा प्रश्न नव्हता. पण कोमट कटावर सोळा रुपये कर ही जरा जास्तच गंमत होती.

मोठ्या, एसी लावलेल्या ठिकाणी कधी बिलात 'सर्व्हिस चार्ज' दिसतो. तो सरकारी कर नाही आणि द्यायची सक्तीही नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगा. काढला नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असावा, हा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे.

गार रश्श्यासाठी मात्र कुणी सरकारी खात्याला फोन करू नये. तो फोन वेगळ्या गोष्टींसाठी: अळी निघाली, आंबलेली चटणी वाढली, खाऊन घरातले दोघं-तिघं एकदम आजारी पडले, काळंकुट्ट तेल रोज तेच. वर्तमानपत्रात वडे बांधून देणंही नियमाविरुद्ध आहे, शाई अन्नात उतरते. अशा वेळी बिल फाडू नका, पदार्थाचा फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा नंबर लावा.

दुसऱ्यांदा जायचं का

मी एक संधी देते, पण रविवारी नाही. ज्याने वाद न घालता बिलावर रेघ मारली त्याला एक सकाळ द्यायला हरकत नाही. ज्याने "परवडत नसेल तर येऊ नका" म्हटलं असतं, त्याला दिली नसती.

बुधवारी सव्वाआठला सासूबाईंना घेऊन गेले. चार टेबलं भरलेली, दोन रिक्षावाले, एक पोस्टमन. तोच पोऱ्या होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "काकू, पोहे आत्ता उतरलेत. मिसळीला वीस मिनिटं थांबा, कट अजून बसला नाही." तो 'बसला' शब्द ऐकून मला अण्णांची आठवण झाली.

पोहे मऊ होते, मोकळे होते, कांदा परतलेला पण करपलेला नाही. वर ओलं खोबरं. सासूबाईंनी लिंबू पिळलं, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग चमच्याने बशी चाळवत शेंगदाणे बाजूला काढले आणि मोजले.

"सहा," त्या म्हणाल्या. "मालकाला हाक मार."